जवळ असेल त्यानं निघावं

आमच्या कंट्रोलताईंचा आवाज या शहरातले सगळे टॅक्सीवाले ओळखतात, पण त्या रस्त्यात समोरून आल्या तर त्यातल्या निम्म्यांनाही त्या कोण ते कळणार नाही. टॅक्सी कंपनीच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका खोलीत त्या बसतात. समोर माइक, कानांवर हेडफोन आणि भिंतभर शहराचा नकाशा. कुणाला कुठून गाडी हवी ते फोनवरच्या मुली त्यांना सांगतात आणि त्या वायरलेसवरून गाड्या सोडतात. हेडफोनच्या पट्टीनं त्यांच्या केसांत डोक्याच्या मध्यावर एक कायमची खाच पडली आहे. ती सुट्टीच्या दिवशीसुद्धा जात नाही.

नात्यानं त्या माझ्या नणंद. नवऱ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, लग्न न केलेल्या, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. घरातसुद्धा त्या ड्यूटीवर असल्यासारख्याच बोलतात. "मीठ संपलंय, दुकान उघडं आहे, कोण निघतंय?" ही त्यांची जेवणाच्या टेबलावरची भाषा. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, ही बाई मला भावजय नाही, भाडं समजते. मी तशी तापट आहे आणि कुणाचं चांगलं बोलायला मला वेळ लागतो. पण ताईंबद्दल मात्र आता मी समोर येईल त्याला धरून सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो, त्याला माझा इलाज नाही.

त्याचं कारण आमची मिरची. हे पाळण्यातलं नाव नव्हे. रडताना पोरगी लालबुंद व्हायची म्हणून ताईंनीच हे नाव लावून दिलं आणि ते चिकटलं. मिरचीला छातीशी घेतली की ती दोनदा चोखायची, सोडायची आणि किंचाळायची. परत घेतली की परत तेच. मला जखमा झाल्या होत्या. तिला घेण्याआधी मी टॉवेलचं टोक दातांत धरून ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी जोडीला वरचं दूध द्यायला सांगितलं होतं आणि आम्ही ते इमानेइतबारे देत होतो, पण पोरगी रडून रडून इतकी दमलेली असायची की अर्ध्या बाटलीतच झोपून जायची. वजन वाढायचं नाव नाही. पुढच्या सोमवारी काट्यावर आकडा पुढे सरकलेला दिसला नाही तर हिला हॉस्पिटलात ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं.

आणि मला तिला अंगावर पाजायचं होतं. का, ते विचारू नका. वरच्या दुधाला मी नाव ठेवणार नाही. मी स्वतः त्याच्यावरच वाढले. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, तेव्हा सगळ्याच बाटलीनं पाजायच्या. मला काय ठाऊक?" ती लांबच्या गावी, पाय प्लास्टरमध्ये, येणार तरी कशी? तर दोष कुणाचाच नव्हता. पण मला ते हवं होतं, ते माझ्या हातातून निसटत चाललं होतं आणि पोरीच्या मांड्यांवरची कातडी सैल पडत चालली होती. मी बाथरूमचा नळ सोडून रडायची, म्हणजे नवऱ्याला ऐकू जाऊ नये. त्याला सगळं ऐकू जायचं.

मदत शोधली नाही असं नाही. हॉस्पिटलातून निघताना एक रंगीत पत्रक दिलं होतं. त्यावर एक बाई बाळाला घेऊन अशी हसत होती, जसं काही तिला या जन्मात कधी दुखलंच नाही. पत्रकावरच्या नंबरावर फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज थांबायला सांगायचा आणि पेटी वाजवत बसायचा. एका नावाजलेल्या सल्लागार बाईंची वेळ मिळाली ती पुढच्या महिन्यातली. तोपर्यंत पोरगी काय हवा खाणार का, असं मी विचारलं, तर पलीकडच्या मुलीनं फोन ठेवून दिला. एका महिला मंडळाचा पत्ता मिळाला म्हणून नवरा उत्साहानं गेला, तर मंडळ कधीच उठून गेलेलं आणि तिथे आता व्यायामशाळा होती. वजनं उचलणाऱ्या दांडग्या पोरांना "इथे बाळाला पाजायला शिकवतात का" असं विचारून हा गृहस्थ परत आला. त्या अवस्थेतही मला हसू फुटलं, आणि हसताना टाके दुखले म्हणून त्याच्यावरच डाफरले.

मंगळवारी सकाळी ताई ड्यूटीला निघाल्या होत्या. जिन्यातच मी त्यांना गाठलं. खांद्यावर मिरची, केस पिंजारलेले. मी म्हटलं, "या शहरातली गल्ली न् गल्ली तुम्हाला पाठ आहे ना, ताई? मग मला एक बाई शोधून देता येत नाही? एकच. जिला यातलं कळतं अशी." त्यांनी पर्स खांद्यावर सरळ केली आणि खाली उतरल्या. मला वाटलं, झालं, आता ह्यांच्याशीही बिनसलं.

पुढचं मला नंतर कळलं. ऑफिसात पोचल्यावर, पहिली गर्दी ओसरताच, ताईंनी माइक ओढला आणि सगळ्या गाड्यांना विचारलं. माझ्या भावजयीला बाळाला पाजायला जमत नाहीये, पोर वाढत नाही, शहरात याची मदत कुठे मिळते ते कुणाला ठाऊक आहे का? एवढंच विचारायचं होतं. पण उभा जन्म ज्या बाईनं गाड्या सोडण्यात घातला, तिला नुसता प्रश्न विचारून थांबता येईना. सवयीनं त्यांनी आमचा पत्ता सांगितला आणि सवयीनंच शेवट केला, "जवळ असेल त्यानं निघावं."

आता टॅक्सीवाल्यांचं असं असतं की कंट्रोलनं निघा म्हटलं की निघायचं. का, कशाला, ते विचारायचं नाही. त्यामुळे अकराच्या सुमाराला आमच्या दारात एकामागून एक तीन टॅक्स्या येऊन थांबल्या.

पहिल्या टॅक्सीचा ड्रायव्हर आपल्या आईलाच घेऊन आला होता. आजीबाई दारातूनच हुकूम सोडत आत शिरल्या. पोर रडलं की घ्यायचं, घड्याळ कपाटात ठेवून द्यायचं आणि थंड पाण्याला शिवायचं नाही. पाठोपाठ दुसऱ्या ड्रायव्हरची बायको. ती एका मोठ्या घरी बाळं सांभाळायची आणि तिचं म्हणणं नेमकं उलटं, घड्याळाशिवाय पाजलं की पोरं बिघडतात. दोघी आमच्या सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या आणि मधल्या गादीवर जुंपली. मिरची किंचाळतेय, नवरा पाण्याचे ग्लास घेऊन मध्येच उभा, आणि मी दोघींकडे आळीपाळीनं बघतेय. तेवढ्यात ताईंचा फोन आला, कुणी काही कळवलं का म्हणून. मी म्हटलं, "कळवलं? ताई, माझ्या घरात सभा भरलीय."

तिसरा ड्रायव्हर एकटाच आला होता. उंच, किडकिडीत, दाराच्या चौकटीत वाकून उभा. टॅक्सीवाले त्याला लांब्या म्हणतात. बराच वेळ तो टोपी हातात घेऊन चुळबुळत होता. मी शेवटी त्याच्यावरही खेकसले, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगून टाका. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, वहिनी. पण लायब्ररीच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, एक जिना आहे. दर मंगळवारी मी तिथे बायका सोडतो, तान्ही पोरं घेऊन येतात. जाताना गाडीत रडत असतात. परत येताना गप्पा मारतात. वर काय करतात मला माहीत नाही, पण काहीतरी चांगलं करत असणार."

सोफ्यावरची लढाई थांबली. नवऱ्यानं ग्लास टेबलावर ठेवले. आज मंगळवारच होता. ते कधीपर्यंत उघडं असतं, असं मी विचारलं, तर लांब्या म्हणाला की शेवटचं भाडं तो दुपारी एकच्या आत उचलतो. अंगात गाऊन होता त्यावरच कोट चढवला, मिरचीला दुपट्यात गुंडाळलं आणि एका पायात नवऱ्याची चप्पल घालून मी जिना उतरले. आजीबाई म्हणाल्या, मी येणार. बाळं सांभाळणारी म्हणाली, मग मीही येणार, हिच्या भरवशावर पोरीला सोडायची नाही. सगळे लांब्याच्या गाडीत कोंबले. नवरा पुढे, गुडघे कानाशी घेऊन.

आणि मग सुरू झाला असा प्रवास की आजही आठवलं की मी हाताशी येईल ते घट्ट धरते. मोठा पूल दुरुस्तीसाठी अर्धा बंद. लांब्यानं माइक उचलून ताईंना सांगितलं की आपण निघालोय, लायब्ररीच्या मागे, वेळ थोडा आहे. पलीकडून ताईंचा आवाज आला, जराही न चढलेला. पुलावर जाऊ नकोस, बाजाराच्या मागून घे. तिथे एक ट्रक माल उतरवतोय, त्याच्या आधी डावीकडे वळ. त्या खिडकी नसलेल्या खोलीत बसून ही बाई अख्खं शहर बघत होती. वाटेतल्या बाकीच्या टॅक्सीवाल्यांना त्या विचारत होत्या, तुझ्यापुढे मोकळं आहे का, आणि ते सांगत होते. एका चौकात तर आपल्या कंपनीच्या दोन गाड्या चक्क बाजूला सरकून उभ्या राहिल्या आणि आम्हाला वाट दिली. आजीबाईंनी त्यांना हात केला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते, दोन्ही एकदमच.

किल्ल्यांच्या दुकानावरच्या जिन्याला पाटी नव्हती. वर दारावर फक्त एक कागद चिकटवलेला, तोही एका कोपऱ्यातून सुटलेला. आरोग्य खात्याची खोली होती ती, आणि माझं हॉस्पिटल दुसऱ्या कुठल्या खात्याचं, म्हणून त्यांना या खोलीचा पत्ताच नव्हता. यावर माझं काय मत आहे ते इथे लिहीत नाही, छापता येणार नाही. आत बुटक्या खुर्च्या गोलात मांडलेल्या, उशांचा ढीग, कोपऱ्यात बाळांचा वजनकाटा. सल्लागार बाई खुर्च्या आवरायला लागल्या होत्या. सतत घसरणारा चष्मा बोटानं वर ढकलत त्यांनी आमच्या वरातीकडे पाहिलं. उशीर झाला का, असं मी धापा टाकत विचारलं. त्या म्हणाल्या, "बसा. बाळं घड्याळ बघून येत नाहीत." हे ऐकून आजीबाईंनी बाळं सांभाळणारीकडे असा काही कटाक्ष टाकला की सांगता सोय नाही.

तीन बायका अजून बसलेल्या होत्या. माझ्या शेजारची बंदरावर क्रेन चालवायची. चांगली धिप्पाड, हसरी, मांडीवर गुबगुबीत पोरगा. सल्लागार बाईंनी मला काहीच करायला सांगितलं नाही. मिरचीला नवऱ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, आधी नुसतं बघा. क्रेनवालीनं खुर्ची वळवली, मला नीट दिसावं म्हणून, आणि पोराला घेतलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे कधीच पाहिलं नव्हतं. तिशी ओलांडली, एवढ्या मोठ्या शहरात राहिले, आणि एकाही बाईला बाळाला पाजताना जवळून पाहिलं नव्हतं. आईचं पाहिलं नाही, शेजारणीचं पाहिलं नाही. सगळं कुठेतरी बंद दाराआड होत असणार. मी चित्रं पाहिली होती, व्हिडिओ पाहिले होते, पण त्या पोरानं जांभई द्यावी तसं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्या बाईनं त्याला आख्खंच्या आख्खं आपल्याकडे ओढून घेतलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तिनं ते तीनदा करून दाखवलं. पोरगा वैतागला, पण तिनं त्याची समजूत घातली.

मग माझी पाळी. मी मिरचीला मांडीवर ठेवलं आणि नेहमीसारखी तिच्यावर वाकले. सल्लागार बाईंनी लगेच थांबवलं आणि विचारलं की मी काम काय करते. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात आहे, गिऱ्हाइकांना फ्रेम बसवून देते. बाई हसायला लागल्या. "तरीच. गिऱ्हाईक हलत नाही, फ्रेम त्याच्यापाशी न्यायची, तेही हलक्या हातानं. तुम्ही पोरीला चष्मा लावताय." आणि खरंच, मी तेच करत होते. दांडी कानामागे सारावी तसं नाजूकपणे, नुसतं टोक तिच्या ओठांत देत होते. पाठ मोडेपर्यंत वाकत होते आणि ती बिचारी टोक चघळत उपाशी राहत होती.

बाईंनी मला सरळ बसवलं, पाठीला उशी लावली, मिरचीचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. थांबा, म्हणाल्या, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. मिरची रडायला लागली आणि तोंड उघडलं. आता, म्हणाल्या, आणि मी तिला अशी ओढली की जणू कुणी हिसकावून नेणार होतं. हनुवटी टेकली. दुखेल म्हणून मी डोळे मिटून घेतले.

दुखलं नाही.

म्हणजे अगदी पहिल्या क्षणी चमक आली आणि गेली. मग नुसतीच ओढ. सल्लागार बाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि खोलीतले सगळे गप्प झाले, आजीबाईसुद्धा. "ऐका," त्या म्हणाल्या. "चोख, चोख, घोट." आणि ऐकू आला. इवलासा आवाज, गळ्यातून आलेला. परत आला. परत. आजीबाई पुटपुटल्या, गिळतेय गं, गिळतेय. माझ्या डोळ्यांतून जी धार लागली ती थांबेना. क्रेनवालीनं पोराच्या खांद्याखालचं फडकं मला पुसायला दिलं. त्याला दुधाचा वास येत होता. दाराबाहेर पाठ करून उभा असलेला लांब्या सारखा विचारत होता, झालं का, जमलं का, आणि नवरा त्याला काही सांगू शकत नव्हता कारण तो स्वतःच नाक ओढत होता. निघताना मी सल्लागार बाईंचा चष्मा काढून घेतला आणि त्याची नाकावरची टेकणं नखानं दाबून बसवून दिली. दुसरं काय देणार होते मी त्यांना?

एका दिवसात सगळं जमलं असं मात्र नव्हे. डॉक्टरीणबाई सांगतील तोवर वरचं दूध बंद करायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. सोमवारपर्यंतचे दिवस मी खुर्चीतच काढले. कधी मिरची नीट धरायची, कधी हट्टानं टोकच चघळायची, की मी बोटानं सोडवून परत पहिल्यापासून. क्रेनवाली जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. आजीबाई रोज यायच्या, पण आता हुकूम सोडायच्या नाहीत, पाठीमागच्या उशा ठीक करायच्या. ताई कामावरून आल्या की दारात उभ्या राहून फक्त एवढंच विचारायच्या, गिळतेय का. मी म्हणायची, गिळतेय. पण वजनाचं कुणीच बोलत नव्हतं. मला स्वप्नातसुद्धा तो काटा दिसायचा.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी मिरचीला कपडे काढून काट्यावर ठेवलं. पोरीनं हातपाय इतके झाडले की आकडा ठरेना. मी नवऱ्याचं मनगट आवळून उभी होते. आकडा ठरला. डॉक्टरीणबाईंनी मागचा आकडा पाहिला, परत काट्याकडे पाहिलं, मिरचीला उचललं आणि पुन्हा ठेवलं. तोच आकडा. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, घेऊन जा घरी. वरचं दूध हळूहळू कमी करा. हे असंच चालू ठेवा.

मी नाचले. दवाखान्याच्या त्या अरुंद बोळात, रांगेतल्या बायकांसमोर, चप्पल घसरेपर्यंत नाचले. बाहेर लांब्या इंजिन चालू ठेवून बसला होता. आमचे चेहरे बघूनच त्याला कळलं, तरी मी खिडकीतून ओरडले, वाढलं. त्यानं माइक उचलून बटण दाबलं आणि म्हणाला, "कंट्रोल, वहिनींची गाडी. वजन वाढलं."

पलीकडून काहीच आलं नाही. ताईंचं उत्तर यायला कधी क्षणाचाही वेळ लागत नाही. लांब्यानं वायरलेसवर चापट मारून बघितली. तेवढ्यात दुसऱ्या गाड्यांमधून आवाज यायला लागले. कंट्रोल, ऐकलंत का, वाढलं म्हणतोय. आजीबाईंच्या मुलानं सांगितलं, मी आईला कळवतो. कुणीतरी नुसताच हॉर्न वाजवला. हा सगळा गलका झाल्यावर ताईंचा आवाज आला, अगदी बारीक. "सगळ्या गाड्यांना. जरा वेळ कुणी बोलू नका."

सगळे गप्प झाले. एवढ्या मोठ्या शहरात पसरलेल्या त्या सगळ्या गाड्या. मागच्या सीटवर माझ्या मांडीत पेंगलेली मिरची मात्र जागी झाली आणि तिनं तोंड उघडलं. लांब्यानं गाडी कडेला घेतली, काच वर केली आणि स्वतः खाली उतरून पाठ करून उभा राहिला. मी ताठ बसले, तिला ओढून घेतलं, आणि मग नवऱ्याला म्हटलं, तो माइक दे इकडे. वायर मागच्या सीटपर्यंत ताणून पुरली. मी बटण दाबून माइक मिरचीच्या गालाशी धरला. चोख, चोख, घोट. चोख, चोख, घोट. मग मी बटण सोडलं आणि थांबले.

पलीकडून ताई बोलल्या.

"नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "परत ऐकव."

मी माइक परत तिच्या गालाशी धरला.